कड्यावरून उडी मारण्याआधी

महोदय,

पावसाळा सरला की कोकणातील नद्यांच्या डोहांवर, कातळकड्यांवरून उड्या मारणाऱ्या पर्यटकांची गर्दी होऊ लागते. आम्हीही लहानपणी अशा उड्या मारल्या आहेत, त्यामुळे सरसकट बंदीची मागणी मी करणार नाही. मात्र आम्हाला डोहातील खडक न खडक ठाऊक असे, पाहुण्यांना तो नसतो.

दहा मीटरवरून उडी घेणारा माणूस ताशी सुमारे 50 किलोमीटर वेगाने पाण्यावर आदळतो. पुरात वाहून आलेले ओंडके आणि गाळ यांमुळे डोहाचा तळ दरवर्षी बदलतो, म्हणून गतवर्षीच्या अनुभवावर विसंबणे धोक्याचे आहे. खाडीलगतच्या भागात भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. परवा दुपारी खोल वाटलेली जागा आठवड्याने त्याच वेळी उथळ असू शकते. वाशिष्ठीत तर कोयनेच्या वीजनिर्मितीनंतरचे पाणी सोडले जाते, त्यामुळे पाऊस नसतानाही पातळी व प्रवाह बदलतात.

उडीपेक्षा दुर्लक्षित राहतो तो बाहेर येण्याचा मार्ग. शेवाळलेल्या कातळावर पाय ठरत नाही आणि जखमी माणसाला अरुंद पाखाडीने (दगडी पायऱ्यांच्या वाटेने) वर आणायला वेळ लागतो. त्यातून 108 ची रुग्णवाहिका फारतर डांबरी रस्त्यापर्यंतच येणार. ग्रामपंचायतींनी निदान नेहमीच्या डोहांवर खोलीची पट्टी, दोर आणि जवळच्या रुग्णालयाचा फलक लावावा, आणि वाट खासगी बागेतून जात असल्यास मालकाशी आधीच बोलून घ्यावे.

— एक वाचक, चिपळूण