नुसत्या पेशी मोजू नकोस

रत्नागिरी,
१४ सप्टेंबर

प्रिय मिलिंद,
सप्रेम नमस्कार.

चिन्मयी डेंग्यूतून सावरून घरी आली हे वाचून जीव भांड्यात पडला. तुझा डॉक्टरांवरचा राग मात्र ओळीओळीत दिसला. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, चाळीस हजारांपर्यंत उतरल्या तरी त्यांची पिशवी का लावली नाही, आणि ताप उतरल्यावर घरी सोडायचं सोडून पोरीला दर सहा तासांनी सुई का टोचली? सगळे रिपोर्ट मी तारीखवार लावून वाचले. त्यांनी तिला फार नीट सांभाळलंय रे.

डेंग्यूत मुलं दगावतात ती बहुतेकदा पेशी कमी झाल्यामुळे नव्हे. केशवाहिन्यांचं आतलं अस्तर सैल पडतं आणि रक्तातलं पाणी, प्रथिनं पोटात, छातीत झिरपतात. मोठ्यांपेक्षा मुलांत ही गळती सहज होते. रक्त घट्ट होतं, मग रक्तदाब कोसळतो. हे सारं तिसऱ्या ते सातव्या दिवसात, नेमकं ताप उतरताना; तिथून २४ ते ४८ तास धोक्याचे.

ही गळती पकडणारा आकडा म्हणजे हिमॅटोक्रिट. रिपोर्टवर पीसीव्ही असंही लिहितात. रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती टक्के, ते त्यातून कळतं. मूळ आकड्यापेक्षा तो २० टक्क्यांनी वाढला की गळती चालू आहे असं धरतात. आता चिन्मयीचं बघ. जूनमध्ये टॉन्सिलच्या वेळी ३२, म्हणजे रक्त कमीच. ताप उतरला त्या दिवशी ३९. त्या ३९ पुढे रिपोर्टात साधा बाणही नाही, कारण तिच्या वयाला तो नॉर्मल. पण तिच्यापुरती ती जवळजवळ २२ टक्के वाढ होती! त्याच दिवशी पेशी झरझर उतरल्या, पोट दुखू लागलं. डॉक्टरांनी जुना कागद मागून घेतला आणि सलाईन हिशेबाने वाढवलं. गळती थांबल्यावर झिरपलेलं पाणी रक्तात परततं, तेव्हा तेच सलाईन आवरावं लागतं, नाहीतर छातीत पाणी साठतं. म्हणून त्या सुया. रक्तस्राव नसताना नुसता आकडा बघून प्लेटलेट देण्याचा फायदा दिसलेला नाही.

एसजीओटी (यकृताला इजा झाली की वाढतं), अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन), फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन) यांचीही मदत होते. एसजीओटी हजारावर गेलं तर आजार गंभीरच. फेरिटिनवर बरंच संशोधन चाललंय. पण पहिल्या दिवशीच 'हे मूल बिघडणार' असं खात्रीने सांगणारी एकही तपासणी आज हाताशी नाही. सतत उलट्या, सुस्ती, गार हातपाय, कमी लघवी हे आईच्याच नजरेला आधी पडतं, आणि ते कोणत्याही रिपोर्टाइतकंच मोलाचं.

मला आपल्या वाड्यांची काळजी वाटते. संध्याकाळी लॅब बंद, पुढचं गाव घाटापलीकडे. हिमॅटोक्रिटला बोटातलं थेंबभर रक्त आणि एक छोटं फिरकी यंत्र पुरतं, काही मिनिटांत उत्तर. पावसाळ्यात ते प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात रात्रीही चालू असायला हवं, असं मी भेटेल त्याला सांगत असतो.

महिन्याभराने तिची सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची पूर्ण तपासणी, कर आणि हिमॅटोक्रिट फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून ठेव. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. पुढे कधी वेगळ्या प्रकाराची लागण झाली तर ती जास्त जड जाऊ शकते. रक्तवाढीचं औषधही तेव्हाच ठरवू. आणि मागच्या परसातलं पिंप आठवड्यातून एकदा घासून कोरडं कर, करवंट्या उपड्या घाल.

वहिनींना नमस्कार, चिन्मयीला आशीर्वाद.

तुझा,
श्रीधर