शेकोटी हवी, चेटकीण कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डेन्मार्कच्या ‘सांक्ट हान्स’ या शेकोटीच्या सणावरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. गेल्या जूनमध्ये मी मुलाकडे एस्बियर्गला होते (तो पवनचक्क्यांच्या कामावर आहे), तेव्हा २३ तारखेची ती संध्याकाळ मीही पाहिली. संध्याकाळ आपली म्हणायची, रात्रीचे दहा वाजले तरी चांगला उजेड! किनाऱ्यावर ही गर्दी. आधी भाषण, मग सगळ्यांनी मिळून गाणं, आणि पोरं काठीला कणीक गुंडाळून निखाऱ्यावर भाजत बसलेली. लाकडांचा ढीग पेटवण्याआधी हलवून पुन्हा रचतात, कारण आत जाहक (अंगावर काटे असलेले छोटे प्राणी) लपलेले असतात. हे मला फार आवडलं.

लेखात हे सगळं आलं आहे. ढिगाच्या टोकावरच्या बाहुलीची मात्र एका ओळीत बोळवण झाली. ती चेटकीण. जुना झगा, डोक्याला फडकं, पोटात पेंढा आणि शिट्टीचे फटाके. जाळ तिथवर पोचला की ती किंचाळते आणि लोक हसतात. तिला म्हणे जर्मनीतल्या ब्रोकन डोंगरावर, चेटकिणींच्या मेळ्याला, धाडतात! शेकोट्या शेकडो वर्षांच्या. ही बाहुली मात्र जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांची.

एस्बियर्गपासून रिबे जवळच. तिथं १६४१ मध्ये मारेन स्प्लीड नावाच्या बाईला, एका शिंप्याच्या बायकोला, चेटूक केल्याच्या आरोपावरून जाळलं. तक्रार करणाराही शिंपीच! आता त्या गावात या छळाचं संग्रहालय आहे. माझी नोकरीतली बरीच वर्षं धडगावकडच्या आश्रमशाळेत गेली. ‘डाकीण’ ठरवलेल्या बाईशी गाव कसं वागतं, ते मी जवळून पाहिलंय. पाणवठ्यावर ती आली की बाकीच्या बाया हंडे उचलून बाजूला होत. खोलात गेलं की बहुतेकदा जमिनीचा तुकडा नाहीतर भाऊबंदकी निघायची. त्या किंकाळीला मला काही हसू आलं नाही.

कुणी म्हणेल, आपणही होलिका जाळतोच की. पण होलिका पुराणातली. मारेनवर खटला चालला, त्याची दप्तरी नोंद आहे. बाहुली नको म्हणणारे डेन्मार्कमध्येही आहेत, काही ठिकाणी नुसतीच शेकोटी पेटवतात. पर्यटनाच्या लेखात एवढं तरी यायला हवं होतं.

एक निवृत्त शिक्षिका, नाशिक