रात्री किनारा चालणाऱ्याचा पगार किती?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या रविवारच्या पुरवणीत परदेशातल्या अभयारण्यांत स्वयंसेवक म्हणून जाण्याविषयी लेख आला होता. ‘फुकटात जग बघा’ असा एकूण सूर. माझ्या भाच्याने त्याचं कात्रण आणून दिलं आणि वर म्हणाला, ‘आत्या, तू भरलेले पैसे परत माग.’ मी अशी एक खेप करून आले आहे, म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी दापोली तालुक्यातली. ३४ वर्षं उपकेंद्रात नर्स होते, निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. धाकट्या बहिणीचा मुलगा सेशेल्स या हिंदी महासागरातल्या बेटांच्या देशात, माहे बेटावर एका हॉटेलात हिशेब बघतो. ‘मावशी, ये’ म्हणून दोन वर्षं मागे लागला होता. मी म्हटलं, समुद्राकाठची बाई उठून दुसऱ्या समुद्राकाठी जाऊन बसणार, त्यात काय मोठं? तेव्हा त्याने कझिन बेटाचं नाव काढलं. तिथे कासवांच्या नोंदी ठेवायला माणसं घेतात म्हणाला. नोंदी ठेवायच्या हे ऐकल्यावर मी तयार झाले. आयुष्यभर मी दुसरं काय केलं?

पण फुकट काही नाही, हे आधी सांगते. विमानाचं तिकीट तुमचं आणि राहण्याचे पैसेही तुम्हीच भरायचे. किती ते इथे लिहीत नाही, कारण सुनेला मी अजून खरा आकडा सांगितलेला नाही. तिथलं चलनही रुपयाच, पण नावाच्या साम्यावर जाऊ नका.

माहेहून मोठ्या बोटीने प्रालें बेट आणि तिथून लहान होडीने कझिन. प्रालेंपासून अंतर जेमतेम दोन किलोमीटर, म्हणजे आंजर्ल्याची खाडी जरा रुंद झाली असं समजा. पण वारा फिरला की होडी लागत नाही, मग ते दोन किलोमीटर दोनशे असल्यासारखे. धक्का नाही, दुकान नाही. बेटावर उंदीर कधीच पोचलेला नाही आणि तो पोचू नये म्हणून बाहेरची होडी वाळूला लागूच देत नाहीत. खोल पाण्यात त्यांच्या होडीत बदली व्हायचं, मग ती होडी वेग घेऊन थेट वाळूत चढते. माझ्या बरोबरची जर्मन मुलगी हसत होती, मी डोळे मिटून व्याघ्रेश्वराचं नाव घेत होते. उतरल्यावर सामान झाडून, उलटंपालटं करून तपासलं. पिशवीत एखादी पाल किंवा कुठलं बी आलं तरी चालत नाही.

या बेटावर पूर्वी सगळी माडाची बाग होती. १९६८ साली पक्षी वाचवणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेने बेट विकत घेतलं, ते एका चिमणीएवढ्या पक्ष्यासाठी. सेशेल्स वॉर्बलर त्याचं नाव. तेव्हा जगात मोजून २६ उरले होते आणि सगळे इथेच. माड काढत गेले तशी जुनी झाडं परत वाढली, पक्षी वाढले. मग १९८८ मध्ये त्यातले २९ उचलून शेजारच्या आरीद बेटावर नेऊन सोडले, पुढे आणखी बेटांवर नेले. आज पाच बेटांवर मिळून तीन हजारांच्या वर आहेत. पक्षी अगदीच साधा, मळकट हिरवा. बघायला म्हणून कुणी त्याच्यासाठी पैसे मोजणार नाही, पण पहिल्याच दिवशी एक माझ्या चष्म्यासमोर हातभरावर येऊन बसला.

आणि मला दिलेलं पहिलं काम कोणतं? जंगलात रुजलेली माडाची रोपं उपटायची! आमच्या घरी मूल जन्मलं की माड लावतात. सासूबाई गेल्या तेव्हाही दहाव्याला एक लावला. त्या घरातली मी, हातमोजे घालून माड उपटत सुटले. बेटाची राखण करणारा वॉर्डन माझ्या मुलाच्या वयाचा होता. त्याला म्हटलं, मला पाप लागेल. तो म्हणाला, इथे माड वाढला की बाकीचं मरतं. एका रुजलेल्या नारळातला पांढरा गोड गोळा मात्र मी मागून घेतला आणि दोघांनी मिळून खाल्ला. पाप अर्धंअर्धं.

त्यांच्याकडे नीरफणस आहे, बिंबल आहे. आपण नीरफणसाला मिठमसाला लावून रव्यात घोळवून तव्यावर काप करतो, तसे एका रविवारी केले. नीरफणस खाल्लेला माणूस सेशेल्सला परत येतोच, असं ते म्हणतात. माझ्या पेन्शनला हे कुणीतरी कळवायला हवं.

आता कासवं. तिथे हॉक्सबिल येतं, घारीसारख्या चोचीचं. आपलं ऑलिव्ह रिडले रात्री वर येतं, आणि सेशेल्सला हॉक्सबिल भर दिवसा येतं. मी नोव्हेंबरात होते, ऐन हंगामात. सकाळी दहाच्या उन्हात झुडपाखाली एक मादी खणताना दिसली. मागच्या पायाची ओंजळ करून ती चमच्याने काढावी तशी वाळू काढते, एकदा डाव्या, एकदा उजव्या, आणि प्रत्येक वेळी काढलेली वाळू हळूच बाजूला ठेवते. तिचा उजवा मागचा पाय अर्धा तुटलेला होता. तरी उजव्या पायाची पाळी आली की ते थोटूक ती खड्ड्यात घालायची आणि काही न काढता परत घ्यायची. डावा, मग रिकामा उजवा. खड्डा दुप्पट वेळाने झाला, पण झाला. अंडी पडायला लागल्यावर वॉर्डनने मला फीत दिली आणि पाठीची लांबी घ्यायला सांगितली. मग पुढच्या पायाला लावलेला धातूचा बिल्ला वाचून नंबर मोठ्याने सांगायचा, त्याने तो परत म्हणायचा, मग लिहायचा. औषधाच्या बाटलीवरचं नाव आम्ही असंच दोनदा वाचत असू. माझा हात थरथरत होता हे कबूल करते. शेकडो बाळंतपणं केलेल्या बाईचा.

दुसऱ्याच दिवशी शिव्या खाल्ल्या. या बेटावर समुद्रपक्षी जमिनीत बिळं करतात, रात्री लहान मुलं रडल्यासारखे ओरडतात. पायवाट सोडून दोन पावलं टाकली आणि गुडघ्यापर्यंत बिळात गेले. वॉर्डनने माझा पाय नंतर बघितला, आधी पालथा पडून बिळात हात घातला. आत पिल्लू जिवंत होतं. मग हाताने माती उपसून बिळाचं तोंड मोकळं केलं, आणि उरलेला दिवस मला स्वयंपाकघराचं काम दिलं. पैसे भरून आलेल्या, वयाने मोठ्या पाहुणीला! मला राग आला होता. रात्री राग गेला आणि लक्षात आलं की हा मुलगा मला रागावू शकला, कारण बेट त्याच्या ताब्यात आहे. त्याला महिन्याचा पगार आहे, गणवेश आहे, सुट्टी आहे. आम्ही हौशी माणसं चार आठवडे येतो आणि जातो, आमचे पैसे आणि ठराविक दिवशी सकाळी येणाऱ्या प्रवाशांचं तिकीट यातून बेटाचा खर्च निघायला हातभार लागतो. स्वयंसेवक तिथे पगारी माणसाच्या हाताखाली असतो.

त्या वॉर्डनच्याच नात्यातला एक म्हातारा पूर्वी कासवाच्या खवल्यांचे कंगवे-बांगड्या करायचा. १९९४ साली तिथल्या सरकारने हा धंदा कायमचा बंद केला. बंद करताना कारागिरांकडचा साठा विकत घेतला आणि दुसऱ्या धंद्यासाठी पैसे दिले. कझिनवर १९७०च्या दशकात हंगामाला तीसेक माद्या यायच्या, त्या पुढे कितीतरी पटीने वाढल्या. पहारा हे एक कारण झालंच. पण ज्याचं पोट कासवावर होतं त्याला वाऱ्यावर सोडलं नाही, हे दुसरं.

आता आपल्याकडे बघा. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने कासवं वाचवायचं काम सुरू केलं, ते पाहून किनाऱ्यावरची गावं एकेक करून उभी राहिली. आमच्या गावातही एक कासवमित्र आहे. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रात्री दोनला उठतो, बॅटरीला लाल कागद बांधतो आणि तीन किलोमीटर किनारा जाऊन-येऊन चालतो. माग दिसला की घरटं शोधायचं, कोल्ह्याकुत्र्यांच्या आधी अंडी काढायची, जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोलीवर पुरायची, तारीख लिहायची. साधारण पन्नासेक दिवसांनी टोपलीखाली पिल्लं दिसली की मग मुंबई-पुण्याची मंडळी पहाटे उभी. या मुलाला हंगामापुरतं मानधन ठरलेलं आहे. गेल्या हंगामाचं ते पावसाळा तोंडावर आला तेव्हा मिळालं. कुणाच्या टेबलावर अडलं ते लिहीत नाही. मधे त्याने दोनदा माझ्याकडून उसने नेले. गावच्या बैठकीत विषय निघाला तर एक जण म्हणाला, ‘अरे, ही सेवा आहे, यात पैशाचं काय काढता?’

संपादक महाराज, हे वाक्य मी ओळखते. २००५ नंतर आशा आल्या, त्यांचं अधिकृत नावच आशा स्वयंसेविका. माझ्या हाताखाली सहा जणी होत्या. अडलेल्या बाईला रात्री रिक्षात घालून नेणाऱ्या त्या, पण पगार म्हटलं की सगळ्यांना ‘स्वयं’ आठवायचं आणि काम म्हटलं की ‘सेविका’. तो शब्द मी इतकी वर्षं नोंदवहीत लिहिला, तेव्हा मला खटकला नाही. माझा पगार दर महिन्याला येत होता ना!

आणि स्वतःचंही सांगते. हंगामात माझ्या दोन खोल्या पाहुण्यांना देते. उकडीचे मोदक, सोलकढी, वर कासवं. मार्चमधल्या दोन शनिवार-रविवारी मला जे मिळालं, ते त्या मुलाला महिनाभर रात्री चालून मिळालं नाही. पिल्लं नसती तर माझ्याकडे मार्चच्या उकाड्यात कोण आलं असतं? यंदापासून प्रत्येक पाहुण्यामागे शंभर रुपये त्याच्या खात्यात टाकायचे असं मी ठरवलंय, ते पाहुण्याच्या बिलात वेगळे लिहून. शेजारच्या दोन घरांनी हो म्हटलंय, तिसऱ्याने ‘बघू’ म्हटलंय, म्हणजे नाही. पण हे तात्पुरतं. ज्यांचं हे काम आहे त्यांनी हंगामाचे पाच महिने, महिन्याच्या महिन्याला, ठरलेल्या तारखेला पगार द्यावा आणि कुंपणापुढे कुणाला सोडायचं, कुणाचा मोबाइल खिशात ठेवायला लावायचा हा अधिकार त्या मुलाला लेखी द्यावा. आज त्याने मोबाइलचा दिवा बंद करा म्हटलं की पाहुणे त्याला ‘तू कोण?’ विचारतात.

ओडिशात २०२१ साली बिल्ला लावलेली ऑलिव्ह रिडले मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आली, साडेतीन हजार किलोमीटरचा प्रवास, ही बातमी सगळ्यांनी छापली. पण तसा नंबर किनाऱ्यावर वाचणारं कुणीतरी लागतं, आणि रात्री किनाऱ्यावर असतो तो आमच्या मुलासारखा माणूस.

परदेशी जाणाऱ्या तरुणांना मी अडवत नाही. जरूर जा, पैसे साठवून जा, रागावून घ्या. माझी विनंती तुमच्या वर्तमानपत्राला आहे. फेब्रुवारीत आपण दरवर्षी कासवांवर पानभर मजकूर देता. पिल्लांचे फोटो, कसं जायचं, कुठे राहायचं, जेवणाचा दर, सगळं असतं. यंदा त्याच चौकटीत प्रत्येक गावापुढे एक ओळ वाढवा: इथल्या कासवमित्राला महिन्याला किती मिळतात आणि मागचे कधी मिळाले. माहिती मिळवायला अडचण आली तर आमच्या गावापुरती मी देईन, तारखांसकट. वहीत लिहून ठेवली आहे.

आपली,
एक निवृत्त नर्स,
ता. दापोली, जि. रत्नागिरी

(नाव व गाव छापू नये. मला अडचण नाही, पण गाव कळलं की तो मुलगा कळेल.)