माळ्यावरची सात हेल्मेटं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हेल्मेट घालावं की नाही, यावर आम्हा पुणेकरांनी वाचकपत्रांतून जेवढी शाई सांडली आहे, तेवढं पाणी उन्हाळ्यात मुठेलाही नसतं. हे पत्र त्या भांडणातलं नाही. हेल्मेट घालून झालं, जुनं झालं, आता त्याचं करायचं काय, एवढंच विचारायचं आहे.

दिवाळीआधी माळा काढला तर सात हेल्मेटं निघाली. घरात माणसं चार. नवी दुचाकी घेताना कंपनीने सोबत हेल्मेट द्यायचं, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतच आहे (नियम १३८), त्यामुळे गाडी बदलली की घरात एक डोकं वाढतं. शिवाय नातवाचं एक, आता त्याच्या कानांवरही बसत नाही असं. एकाची काच गायब. ह्यांचं काळं हेल्मेट सर्वांत जुनं, आत अजून खोबरेल तेलाचा वास. स्पंजाला बोट लावलं तर पिवळी भुकटी हातावर आली.

आठवं हेल्मेट माळ्यावर नव्हतं, आणि खरं तर त्याच्यासाठीच हे पत्र लिहायला बसले.

२०१९ च्या पावसाळ्यात मुलगा वारज्याजवळ गाडीवरून घसरला. त्याला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. हेल्मेटवरही उजव्या बाजूला बोटभर ओरखडा, बस्स. त्याने नवीन घेतलं. जुनं मी ओल्या फडक्याने स्वच्छ पुसलं आणि आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींच्या मुलाला दिलं. तो रात्रपाळीला चाकणला जातो. टाकून देण्यापेक्षा कुणाच्या उपयोगी पडलं, याचं मला फार समाधान वाटलं होतं.

यंदा माळ्यावरच्या हेल्मेटांची उलटापालट करताना ते आठवलं आणि त्याला म्हटलं, जरा आणून दाखव. तो म्हणाला, "आजी, एकदम ठणठणीत आहे." वरून होतंच. आतलं कापड ओढून काढलं. ओरखड्याच्या बरोबर मागे थर्माकोल तळहाताएवढ्या जागेत दबून चकचकीत झाला होता आणि तिथून काठापर्यंत केसासारखी बारीक चीर गेली होती. बाकी सगळीकडे दोन बोटं जाडी, तिथे जेमतेम दीड. पाच वर्षांहून जास्त तो पोरगा हे डोक्यावर घालून नाशिक रस्त्याने येत-जात होता. त्याच आठवड्यात त्याला नवीन घेऊन दिलं. माझी लाज त्याने फिटली नाही, पण ते असो.

हेल्मेटमध्ये डोकं वाचवण्याचं मुख्य काम वरचं टणक कवच करत नाही, आतला थर्माकोल करतो. आपटल्यावर तो चेपतो आणि तो धक्का स्वतःकडे घेतो. एकदा चेपला की स्पंजासारखा पुन्हा वर येत नाही. म्हणजे एका ठिकाणी तो एकदाच कामाला येतो. आपटलं नसलं तरी ऊन, घाम, तेल आणि पेट्रोलच्या वाफा त्याला सोडत नाहीत. अमेरिकेतली स्नेल फाउंडेशन ही हेल्मेट तपासणारी संस्था पाच वर्षांनी हेल्मेट बदला म्हणते. आपल्याकडे १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्ह नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवायला आणि विकायला बंदी आहे. मात्र ते चिन्ह हेल्मेट नवीन असतानाचं. दहा वर्षं वापरलेल्या हेल्मेटच्या मागेही ते तसंच चिकटलेलं असतं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मागे बसणाऱ्यावरही हेल्मेटची कारवाई करण्याचे आदेश निघाले आणि घरोघरचे माळे पुन्हा उघडले. सिग्नलला उभं राहून बघा. पुढे नवऱ्याच्या डोक्यावर नवंकोरं, मागे बायकोच्या डोक्यावर त्याचं कॉलेजातलं, पट्टा तुटलेला म्हणून ओढणीने बांधलेलं. दंड चुकतो. नवं स्वतःला, जुनं बायकोला, त्याहून जुनं कामवाल्या बाईंच्या मुलाला. कुठलं डोकं किती मोलाचं याची अशी उतरंड आपण घरच्या घरी लावतो आणि शेवटच्या पायरीला वर दानही म्हणतो. मीही तसंच समजले होते.

मग उरलेली सात टाकायची कुठे? भंगारवाल्याला बोलावलं. किलोमागे किती देणार विचारलं तर तो हसला. बोटाच्या पेराने एकेक हेल्मेट वाजवून म्हणाला, "हे एबीएस, हे चालेल. हे फायबर, हे फुकट दिलं तरी नको." एबीएस हे वितळवता येणारं प्लास्टिक, फायबरचं म्हणजे काचतंतूंचं कवच मात्र वितळवून पुन्हा वापरता येत नाही, हे त्याला नुसत्या आवाजावरून कळतं. एबीएसचं घेईन म्हणाला तेही आतलं सगळं काढून दिलं तर. कचरा न्यायला येणाऱ्या ताईंचंही तेच: "काकू, कापड, थर्माकोल, लोखंड सगळं एकात. असं कुणी घेत नाही."

म्हणून एक उघडायला बसले. काचेचे स्क्रू सहज निघाले. कापड निघालं. थर्माकोल मात्र चिकटवलेला, तो ब्रेडच्या सुरीने आणि लाटण्याने ठोकून काढला. घरभर पांढरे मणी, ते दोन दिवस झाडत होते. पट्ट्याचे रिव्हेट शेवटपर्यंत हलले नाहीत. पाऊण तास गेला. रोज पोटासाठी कचरा वेचणाऱ्या बाईने एका हेल्मेटवर एवढा वेळ का घालवावा?

२०१८ मध्ये राज्य सरकारने थर्माकोलच्या ताट-वाट्या बंद केल्या, चांगलं केलं. जुन्या टायरसाठी आणि बॅटरीसाठी उत्पादकावर जबाबदारी टाकणारे नियम २०२२ मध्ये आले. बॅटरी बदलायला गेलं की दुकानदार जुनीचे पैसे नवीच्या किमतीतून वजा करतो, हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. मग जे हेल्मेट सरकार सक्तीने घ्यायला लावतं, ते परत घ्यायला कुणीच कसं बांधील नाही? नवं विकताना दुकानदाराने जुनं ठेवून घ्यावं, ग्राहकासमोर त्याचा पट्टा कापावा आणि साठलेला माल कंपनीकडे पाठवावा. सातांच्या जागी सातशे एकत्र आले तर भंगारवाल्यालाही त्यात काही सुटेल.

थोडी हेल्मेटं आणखी एका कामी येतील. अपघातात सापडलेल्याचं हेल्मेट काढताना एकाने मान स्थिर धरायची आणि दुसऱ्याने ते हळूहळू सरकवायचं असतं. घाईत ओढलं तर मानेला इजा होते. हे हातात घेऊन शिकल्याशिवाय जमत नाही. प्रथमोपचाराचे वर्ग, एनसीसी, एनएसएस, रुग्णवाहिकेवरची मंडळी यांना सरावासाठी जुनी, पट्ट्यासकट हेल्मेटं हवी असतील तर माझ्याकडची दोन तयार आहेत. त्यांवर लाल रंगाने ठळक "फक्त सरावासाठी" लिहून देईन.

शेजारच्या हौशी बाईंनी कुंडी करायला सुचवलं. नातवाच्या छोट्या हेल्मेटमध्ये मनीप्लँट लावला आहे, बरा दिसतो. पण एका गॅलरीत अशी किती डोकी टांगणार?

तोवर वाचकांना एकच विनंती. जुनं हेल्मेट कचऱ्यात टाकण्याआधी कात्रीने त्याचा पट्टा कापा, दोन्ही बाजूंनी, अगदी कवचालगत. नुसतं टाकलेलं हेल्मेट कुणीतरी उचलतं, पुसतं आणि घालतं. मीही त्या मुलाला पुसूनच दिलं होतं. माझ्याकडची उरलेली चार, ते उघडलेलं धरून, पट्टे कापून पोत्यात बांधली आहेत आणि पोतं जिन्याखाली ठेवलं आहे. ते नेऊन द्यायचं ठिकाण शहरात कुठे असेल तर आपल्या अंकात छापावं.

आपली,
एक ज्येष्ठ वाचक, कोथरूड, पुणे