पाठ आहे तसंच माप घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझे वडील ७६ वर्षांचे आहेत. ३५ वर्षं मागावर उभं राहून, तुटलेला धागा जोडायला दिवसभर वाकून वाकून त्यांच्या पाठीला पोक आलं आहे. दिवाळीसाठी त्यांचा शर्ट शिवायला टाकला. टेलर म्हणाले, "काका, ताठ उभे राहा." अण्णांनी कपाटाला हात टेकला, दम धरला आणि जमेल तेवढी पाठ सरळ केली. माप झालं ते त्या अर्ध्या मिनिटाचं. शर्ट आला तो पुढून मांडीवर लोंबणारा, मागून वर चढलेला, कॉलर मानेवर ओढणारी. अण्णा म्हणाले, "चालतंय की गं." ते मला सहन झालं नाही.

मग मीच शिवायला बसले. लग्नाआधी शिवणक्लास केला होता, पण आजवर ब्लाउज आणि परकरच शिवलेले. ३६ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) अडीच मीटर पांढरं पॉपलिन आणलं आणि रात्रभर भिजवलं, कारण सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. अण्णांना म्हटलं, तुम्ही रोज उभे राहता तसेच राहा. मानेच्या हाडापासून कंबरेपर्यंत पाठीवरून टेप फिरवली तर साडेएकोणीस इंच भरले. पुढून गळ्यापासून कंबरेपर्यंत चौदाच. सगळा घोळ इथे होता. क्लासमध्ये मुंढासुद्धा (बाही जोडायचा गोलाकार भाग) छातीच्या मापावरून काढायला शिकवतात, आणि त्या गणितात पाठ सरळच धरलेली असते.

पाठीच्या भागाचा कागदी नमुना खांद्याच्या पट्टीखाली आडवा चिरून दीड इंच उघडला, पुढचा भाग इंचभर कमी केला. पट्टीखाली दोन चुण्या दिल्या, म्हणजे पोकाला जागा मिळते. कॉलरचं एक टोक बोथट येत होतं, ते दोनदा उसवलं. अण्णांची बोटं आखडतात, म्हणून बटणं मोठी घेतली आणि काजे हातानं, नेहमीपेक्षा एक सूत (इंचाचा आठवा भाग) लांब केले. बाजूंच्या शिवणीत इंचभर माया, म्हणजे जादा कापड, ठेवली. तयार शर्टात ओव्हरलॉक मारून कापड कापूनच टाकतात, त्यामुळे पुढे सैल करायची सोयच राहत नाही. चार संध्याकाळी गेल्या.

पाडव्याला अण्णांनी तो घातला. वरचं बटण त्यांनी स्वतः लावलं, आरशात पाहिलं, मग मागे हात नेऊन शर्टाची खालची कड चाचपली. ती कंबरेखाली होती, जागच्या जागी. गेली काही वर्षं ते सतत शर्ट मागून खाली ओढत असत. त्या दिवशी एकदाही ओढला नाही.

विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग आणला त्या आमच्या इचलकरंजीत अशा पाठी गल्लोगल्ली आहेत. शिवणक्लास चालवणाऱ्यांनी वाकलेल्या पाठीचं कटिंग एक दिवस तरी शिकवावं. आणि टेलर बंधूंना हात जोडून विनंती आहे: म्हातारं माणूस दुकानात आलं तर आधी स्टूल द्या, त्याला ताठ व्हायला सांगू नका, पाठीवरून टेप फिरवा. वहीत दोन आकडे जास्त लिहावे लागतील. त्याची शिलाई पन्नास रुपये जास्त घ्या, आम्ही आनंदानं देऊ.

– एक वाचक, इचलकरंजी