पावसाळ्यातील वृक्षारोपणाबाबत व्यवस्थापक समितीस पत्र

दि. 10 एप्रिल

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती सदस्य,
सहकारी गृहनिर्माण संस्था, पुणे

विषय : 50 रोपांऐवजी 12 झाडे लावून ती तीन वर्षे सांभाळण्याबाबत

मा. अध्यक्ष महोदय,

5 जूनला 50 रोपे लावण्याचा प्रस्ताव सूचना फलकावर वाचला. आमची विनंती अशी की रोपे 12च घ्यावीत आणि उरलेले पैसे पुढच्या तीन वर्षांच्या पाण्यासाठी व माळीकामासाठी राखून ठेवावेत. तारीखही पुढे ढकलावी. 5 जूनला पुण्यात पाऊस स्थिरावलेला नसतो. दोन-तीन दमदार सरी पडून माती वीतभर खोल ओली झाली की, म्हणजे जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत, लावलेले रोप लवकर धरते.

खड्डे मात्र मे महिन्यातच खणून उन्हात तापू द्यावेत. आपल्या आवारात वरची वीतभर माती सोडली तर खाली मुरूम आणि बांधकामाचा राडारोडा आहे. त्यामुळे दीड फुटाचा खड्डा कामाचा नाही, तीन बाय तीन बाय तीन फूट हवा. सिमेंटचे गोळे, फरशीचे तुकडे पूर्ण काढून टाकावेत, ते मातीत राहिले की क्षार वाढतात आणि पाने पिवळी पडतात. भरण्यापूर्वी खड्ड्यात पाणी सोडून पाहावे. दुसऱ्या दिवशीही ते साचलेलेच दिसले तर तळाचा थर पहारीने फोडावा, नाहीतर पावसाळ्यात मुळे कुजतील. भरताना तीन भाग चांगली माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड. शेणखत कच्चे असेल तर वाळवी आलीच म्हणून समजा.

रोपे पाच-सहा फूट उंचीची, अंगठ्याएवढ्या जाड खोडाची घ्यावीत. बांबूला बांधून उभे ठेवलेले काडीसारखे रोप स्वस्त मिळते, पण वाऱ्यात टिकत नाही. पिशवी ब्लेडने उभी कापून आतली मुळे पाहावीत. गोल गोल फिरलेली मुळे बोटांनी सोडवावीत, कडक झालेली कापावीत. तशीच पुरली तर झाड चार-पाच वर्षे बरे दिसते, मग एखाद्या वादळात मुळासकट आडवे होते. खोड जिथे मुळांना मिळते तो भाग जमिनीच्या पातळीत राहावा. त्याच्यावर मातीचा ढीग करण्याची आपल्याकडे सवयच आहे, आणि साल कुजायला तेवढे पुरते.

जागेप्रमाणे झाड निवडावे. महावितरणच्या तारांखाली कांचन किंवा आपटा. पार्किंगलगत ताम्हण. मागच्या मोकळ्या जागेत बहावा, कडुनिंब आणि जांभूळ. जांभूळ पार्किंगजवळ लावले तर गाड्यांवर डाग पडतात, तक्रारी होतात आणि शेवटी झाडच तोडायची मागणी येते. गुलमोहराच्या फांद्या ठिसूळ, म्हणून तो वाटेवर नको. वड, पिंपळ, उंबर भिंत आणि ड्रेनेजपासून लांबच बरे. पोडियमवर खाली स्लॅब असल्याने माती जेमतेम दोन फूट आहे, तिथे तगर, कुंद एवढेच लावावे.

आता पाणी, कारण रोपे मरतात ती इथेच. पहिल्या वर्षी दर झाडाला आठवड्यातून दोनदा 20 लिटर, एप्रिल-मेमध्ये तीनदा. ऑक्टोबरच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत 12 झाडांचा हिशेब 10 हजार लिटरच्या दोन टँकरच्या आत बसतो. पाणी खोडावर पाइप धरून नव्हे, आळ्यात हळूहळू सोडावे. रोज तांब्याभर पाणी घातल्याने मुळे वरच राहतात आणि एक आठवडा पाणी चुकले की झाड माना टाकते. आळ्यात चार बोटे जाड सुक्या पानांचा थर द्यावा, खोडाभोवती वीतभर जागा मोकळी ठेवून. पाने मिळतीलच, फक्त सफाई कामगारांना ती जाळू नका असे समितीने लेखी सांगावे. आधाराच्या काठीला सुती पट्टीने इंग्रजी आठच्या आकारात सैल बांधावे आणि दोन वर्षांनी काठी काढावी. तारेने बांधलेले रोप जाड होताना त्या तारेतच आवळले जाते.

जुन्या झाडांबद्दल थोडेसे. खोडाला चिकटून बसवलेले पेव्हर ब्लॉक काढून सर्व बाजूंनी किमान तीन फूट माती उघडी करावी. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता, त्यामुळे ही मागणी अवाजवी नाही. दिव्यांच्या माळांसाठी ठोकलेले खिळेही काढावेत.

छाटणीसाठी ठेकेदार बोलावण्यापूर्वी 1975च्या वृक्ष संरक्षण व जतन कायद्याप्रमाणे महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्यावी. झाडाचे शेंडे सरसकट उडवू देऊ नयेत, कारण त्यानंतर फुटणाऱ्या फांद्या वरवर चिकटलेल्या असतात आणि त्याच पुढे गाड्यांवर पडतात. मोठी फांदी तीन कापांत काढावी : खोडापासून फूटभर अंतरावर आधी खालून एक तृतीयांश, मग थोडे पुढे वरून, आणि उरलेला खुंट तळाशी असलेल्या फुगीर कड्याच्या बाहेरून. पहिला काप टाळला तर फांदी पडताना खोडाची साल सोलत नेते.

माळ्याच्या करारात पाण्याचे दिवस आणि लिटर लिहून घ्यावेत, नुसते 'बागेची देखभाल' नको. खड्ड्यांच्या जागा आखण्यासाठी संस्थेच्या कार्यालयातील ड्रेनेज व पाण्याच्या लाइनचा नकाशा आम्हाला एप्रिलअखेर मिळावा.

कळावे,
आपले विश्वासू,
बाग व वृक्ष देखभालीत सहभागी रहिवासी