ओव्हरक्लॉकिंगचा अर्धवट सल्ला नको

महोदय,

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणं. जुन्या संगणकाचा वेग असा वाढवायचा तर 'बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन आकडा वाढवा' एवढंच नवशिक्यांना सांगितलं जातं. हा सल्ला धोक्याचा आहे.

आधी महत्त्वाच्या फाइल्सची प्रत दुसरीकडे ठेवा. मग पंख्यातली धूळ काढा, प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट (उष्णता बाहेर नेणारा लेप) पुसून वाटाण्याएवढा नवा ठिपका लावा. एवढं करूनही मूळ वेगालाच, पूर्ण भार असताना, तापमान ८० अंशांपर्यंत जात असेल तर तिथेच थांबा.

इंटेलच्या आय५-२५००के सारख्या 'के' प्रोसेसरचा मल्टिप्लायर (बेस क्लॉक या मूळ घड्याळाला ज्या आकड्याने गुणून वेग ठरतो तो) मोकळा, म्हणजे बदलता येणारा असतो, पण मदरबोर्डही तसाच हवा. झेड६८ चिपसेटचा बोर्ड चालतो, एच६१चा चालत नाही. मल्टिप्लायर एकेकानेच वाढवा. प्रत्येक पायरी १०० मेगाहर्ट्झची. बेस क्लॉकला मात्र हात लावू नका. या पिढीत साटा (डिस्कची जोडणी) आणि यूएसबीही त्याच घड्याळावर चालतात, त्यामुळे डिस्कवरचा डेटा बिघडू शकतो.

प्रत्येक पायरीनंतर तासभर प्राइम९५ हा प्रोसेसरवर पूर्ण भार टाकून तपासणारा प्रोग्रॅम चालवा. चूक दाखवली किंवा निळा पडदा आला की एक पायरी खाली या. व्होल्टेज वाढवून वेळ मारून नेऊ नका: उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.२० चे १.३५ व्होल्ट केले की तेवढ्यानेच ती सुमारे २७ टक्क्यांनी चढते. व्होल्टेजच्या 'ऑटो' सेटिंगवरही विसंबू नका, कित्येक बोर्ड गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देतात.

संगणक सुरूच झाला नाही तर घाबरू नका. प्लग काढा, बोर्डावरची नाण्यासारखी बॅटरी पाच मिनिटं बाहेर ठेवा. बायोस मूळ सेटिंगवर येतं.

– एक वाचक